झाडावर चढलेल्या मुंग्या

सिचुआनमधल्या घरांत खिमा घालून परतलेल्या शेवयांचा एक पदार्थ होतो. त्याचं नाव 'मा-यी शांग शू', म्हणजे 'मुंग्या झाडावर चढल्या'. बशीत वाढल्यावर या नावाचा उलगडा होत नाही. चॉपस्टिकने किंवा काट्याने शेवयांचा एक झुपका वर उचलला की होतो. काचेसारख्या, सोया सॉसने तांबूस झालेल्या तारांना खिम्याचे बारीक दाणे जागोजागी चिकटलेले असतात, आंब्याच्या फांदीवरून ओळीने निघालेल्या मुंग्यांसारखे. मधूनच कांद्याची हिरवी पात दिसते, ती पानं. खिमा तारांवरून घरंगळून बशीच्या तळाशी जमला असेल, तर मुंग्या झाडावरून पडल्या असं समजायचं आणि काय चुकलं ते शोधायचं. आपली परीक्षा कशी घ्यायची हे नावातच सांगून ठेवणारे पदार्थ फार नसतात.

चायनीजच्या गाडीवरच्या हक्का नूडल्स घरी करायला जावं तर गाडीसारख्या होत नाहीत, हा बहुतेकांचा अनुभव. त्यात करणाऱ्याचा दोष कमी, शेगडीचा जास्त. गाडीवरचा बर्नर घरच्या गॅसच्या कैक पट उष्णता फेकतो. त्या कढईत भाज्यांना आणि नूडल्सना सुटलेलं पाणी क्षणात उडून जातं. घरच्या कढईत तेच पाणी साचतं, मग नूडल्स परतल्या न जाता शिजत राहतात आणि एकमेकींना चिकटतात. मुंग्यांच्या पदार्थाला असला भडका लागतच नाही, कारण तो मुळात घरच्या चुलीवरचा आहे. सिचुआनी स्वयंपाकात चवींच्या मिश्रणांना ठरलेली नावं आहेत, साधारण दोन डझन. त्यातल्या एका चवीचं नावच 'ज्याछांग', म्हणजे घरगुती: खारट, बेताची तिखट, आंबवलेल्या मिरचीचा खोल वास असलेली. हा पदार्थ त्याच चवीचा.

साहित्य थोडं आहे, कृती अर्ध्या तासाची आहे, आणि तरीही पहिल्यांदा तो बहुतेकांचा बिघडतो. माझाही बिघडला होता. कढईतून सगळा ऐवज एकाच गोळ्यात बाहेर आला, खरवसाच्या वडीसारखा. पुढे दोन-चारदा करून पाहिल्यावर लक्षात आलं की यात मसाल्यापेक्षा पाण्याचा हिशेब मोठा आहे. खिम्यातलं पाणी पुरतं घालवायचं, शेवयांना पाणी मोजून पाजायचं, आणि दोघांची गाठ पडली की रस्सा कढईत उरता कामा नये, तो शेवयांत गेला पाहिजे. बाकीच्या गोष्टी थोड्याफार इकडे-तिकडे झाल्या तरी चालतात.

आधी शेवयांचं. या गव्हाच्या नाहीत, मुगाच्या सत्त्वाच्या आहेत. चिनी भाषेत त्यांना 'फन-स' म्हणतात, आपल्याकडच्या दुकानांत ग्लास नूडल्स. बहुतेक पाकिटांवर 'लोंगखोउ' असं नाव असतं. लोंगखोउ हे शानदोंग प्रांतातलं बंदर. शेवया मुख्यतः त्याच्या शेजारच्या चाओयुआनमध्ये होत, पण माल या बंदरातून बाहेर जाई म्हणून नाव बंदराचं पडलं. देवगडच्या पेटीत आसपासच्या गावांचा आंबा असावा, तसंच काहीसं.

ज्यांच्या घरी उन्हाळ्यात कुरडया झाल्या आहेत त्यांना या शेवया कशा बनतात ते वेगळं सांगायला नको. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक खाली बसू द्यायचा, वरचं आंबूस पाणी ओतून टाकायचं, चीक शिजवायचा आणि सोऱ्यातून कापडावर कुरडया घालायच्या. लोंगखोउच्या पारंपरिक पद्धतीत गव्हाच्या जागी मूग येतात, आणि तिथेही आंबूस पाण्याला मान आहे. आधीच्या खेपेचं आंबलेलं पाणी नव्या वाटणात मिसळतात, त्याने सत्त्व चोथ्यापासून आणि प्रथिनांपासून लवकर वेगळं होऊन तळाशी बसतं. मग थोडं सत्त्व शिजवून त्याची खळ करायची, तीत उरलेलं कच्चं सत्त्व मळायचं, आणि तो गोळा भोकांच्या भांड्यातून थेट उकळत्या पाण्यात सोडायचा. तारा वर तरंगल्या की गार पाण्यात घालून, काठ्यांवर टाकून वाळवायच्या. सोऱ्याची कल्पनाही तिकडे जुनी आहे. सहाव्या शतकातल्या 'छीमिन याओशू' या शेतीविषयक ग्रंथात तांदळाच्या बारीक पिठाच्या शेवया करायला बैलाच्या शिंगाचा चमच्याएवढा तुकडा घेऊन त्याला सहा-सात भोकं पाडायला सांगितलं आहे, जाड दोरा जेमतेम जाईल एवढी.

मूगच का, याला कारण आहे. पिठाळ पदार्थातल्या स्टार्चचे दोन प्रकार असतात. एक झाडासारखा फांद्या फुटलेला, तो अमायलोपेक्टिन. दुसरा सरळ दोऱ्यासारखा, तो अमायलोज. मुगाच्या सत्त्वात हा दुसरा भरपूर असतो. शिजून गार होताना हे सरळ दोरे एकमेकांना लागून घट्ट बसतात, आणि एकदा बसले की उकळत्या पाण्यातही सहजी सुटत नाहीत. म्हणून मुगाची तार पारदर्शक राहते, दाताला चिवट लागते आणि रश्श्यात विरघळत नाही. स्वतःची चव मात्र तिला जवळजवळ नाही. ती कढईतला रस्सा ओढून घेते आणि त्याचीच चव मिरवते. बाजारात वाटाण्याच्या, रताळ्याच्या आणि मिश्र सत्त्वाच्याही शेवया मिळतात. रताळ्याच्या जाड, काळपट शेवया सिचुआनमध्ये आवडीने खातात, पण त्यांना भिजायला आणि शिजायला वेळ जास्त लागतो. पहिल्यांदा करताना पाकीट उलटून घटक वाचावेत आणि मुगाच्याच घ्याव्यात.

आता भिजवणं. तिघांना पुरेल अशा बेताने 100 ग्रॅम सुक्या शेवया घ्या, म्हणजे बहुधा दोन लहान जुड्या होतात. पाणी कोमट हवं, हात सहज बुडवता येईल इतकंच. उकळतं पाणी ओतायचा मोह होतो, कारण पाकिटावरही कधीकधी तसं लिहिलेलं असतं. ते सूपसाठी ठीक आहे. इथे शेवया भांड्यातच पूर्ण फुगल्या तर कढईत त्यांना प्यायला जागाच उरत नाही, आणि मग रस्सा बाहेर नि फिक्क्या शेवया आत अशी गत होते. कोमट पाण्यात दहा-बारा मिनिटांत त्या लवचीक होतात. एक तार बोटाला गुंडाळून पाहा. ती मोडली नाही, पण चावल्यावर मध्ये कडक लागली, तर बरोबर. लगेच चाळणीत निथळत ठेवा. तारा फार लांब असतात, कात्रीने एक-दोनदा कापल्या तर ढवळताना हाल होत नाहीत. वर चमचाभर तेल नि थोडा सोया सॉस चोळून ठेवला तर त्या वाट पाहताना एकमेकींना चिकटत नाहीत.

मांसाचं थोडं सविस्तर बोलायला हवं. सिचुआनमधल्या पुष्कळ घरांत हा पदार्थ डुकराच्या खिम्याचा होतो. बीफचाही होतो, आणि माझं मत बीफच्या बाजूचं आहे. चीनमध्ये शेतीच्या बैलाला मारायला अनेक राजवटींच्या कायद्यांत बंदी होती, त्यामुळे बीफ हे तिथल्या बऱ्याच भागात रोजचं मांस नव्हतं. सिचुआनच्या दक्षिण भागातलं झिगोंग नावाचं गाव मात्र निराळं. तिथे जमिनीखालचं खारं पाणी उपसून मीठ काढत. त्यातली शेनहाय ही विहीर 1835 साली पुरी झाली, तिची खोली 1001.42 मीटर, हजार मीटरची मर्यादा ओलांडणारी जगातली पहिली. एवढ्या खोलवरून खारं पाणी वर आणायला बांबूच्या नळ्या, बांबूचेच दोर आणि रहाटाला जुंपलेली जनावरं लागत. कामातून गेलेल्या बैल-रेड्यांचं मांस गावात स्वस्त होतं, नि मीठ तर घरचंच. झिगोंगचा बीफसाठी नावाजलेला स्वयंपाक या मिठागरांतून उभा राहिला. तिकडे छंगदू शहरात चेन नावाच्या घराण्याची खाणावळ 1862 पासूनची. 'मापो तोफू' हा तिचा जगभर गेलेला पदार्थ, आणि त्यातला खिमाही जुन्या रीतीप्रमाणे बीफचाच. आंबवलेली मिरची आणि बीफ ही जोडी त्यामुळे सिचुआनला नवी नाही.

आपल्याकडे खिमा आणताना कायदा लक्षात ठेवावा लागतो. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला 1976 च्या कायद्याने बंदी आहे, 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस आणि रेडा त्याबाहेर आहेत. म्हणून इथे खाटकाकडे जे 'मोठ्याचं' मिळतं ते रेड्या-म्हशीचं. त्याला चरबी कमी असते, तंतू जाड असतो. खिमा दोनदा मशीनमधून काढून मागावा आणि कढईत तेल चमचाभर वाढवावं. गोव्यात कायदा वेगळा आहे, ख्रिस्ती घरांत बीफचा खिमा नेहमीचा असतो, त्यांना हे सांगायची गरज नाही. परदेशातल्या मराठी घरांना सुपरमार्केटमध्ये चरबीचं प्रमाण छापलेलं पाकीट मिळतं. तिथे 20 टक्के चरबीचं घ्या, फार कमी चरबीचं घेतलं तर दाणे वाळून रेतीसारखे लागतात. बीफ न खाणाऱ्यांनी बकऱ्याच्या खिम्यावर हाच प्रयोग करावा, कृतीत काही बदलत नाही. फक्त बकऱ्याची चरबी गार होताच थिजते, म्हणून जेवायला उशीर करू नये.

खिमा 150 ग्रॅम पुरतो. ऐकायला कमी वाटतो, पण यात खिमा मसाल्याच्या भूमिकेत आहे. मुंग्या झाडापेक्षा जास्त झाल्या तर झाड दिसत नाही. आपल्याकडे खिमा धुवून घ्यायची सवय आहे. धुणार असाल तर चाळणीत अर्धा तास ठेवा आणि वर स्वच्छ फडकं दाबून पाणी टिपून घ्या. फ्रीजमधला खिमा थेट कढईत टाकू नका, पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या.

कढई तापवा, तीन चमचे तेल घाला. सिचुआनमध्ये मोहरीच्या जातकुळीतल्या रेपसीडचं उग्र, गडद तेल वापरतात. ते आधी धूर येईपर्यंत तापवून त्याचा कच्चा वास मारतात, बंगालमध्ये मोहरीच्या तेलाचं करतात तसं. शेंगदाण्याचं तेल उत्तम चालतं. खिमा घाला, पसरवा आणि मोठ्या आचेवर झाऱ्याने मोडत राहा.

आता कान द्यायचा. पहिला आवाज चुरचुरण्याचा, तो दहा-पंधरा सेकंदांत बसतो. मग खिमा करडा पडतो, पाणी सोडतो आणि कढईत खदखद सुरू होते. दीडशे ग्रॅम मांसात शंभर ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं. हे पाणी आहे तोवर खिम्याचं तापमान 100 अंशांवर अडून राहतं, आणि मांसाला तो खरपूस तपकिरी रंग नि वास यायला 140 अंशांच्या आसपास जावं लागतं. म्हणजे खदखद चालू असताना खिमा उकडत असतो. नव्वद टक्के लोक इथेच घाई करतात. रंग बदलला, शिजला, असं म्हणून मसाला घालतात. शिजला हे खरं, पण अजून मुंगी झालेला नाही. थांबा. चार-पाच मिनिटांनी खदखद मंदावते, तळाचं गढूळ पाणी आटतं आणि त्या जागी नितळ तेल दिसू लागतं. आवाज पुन्हा बदलतो, आता बारीक तडतड. दाणे एकमेकांपासून सुटे होतात, गडद होतात, झाऱ्याला खडखडतात. तेल सुटेपर्यंत परतणं हे आपल्याला रश्श्याच्या वाटणामुळे ठाऊक आहेच. सिचुआनी स्वयंपाकी खिम्याबद्दल बोलतानाही मांसाने तेल ओकलं पाहिजे असंच म्हणतात. याच वेळी कढईच्या कडेने चमचाभर शाओशिंग ही तांदळाची चिनी वाइन सोडतात, तिची वाफ मांसाचा उग्र वास घेऊन जाते. नसेल तर काही अडत नाही.

दाणा कोरडा का हवा, याचं उत्तर शेवटच्या टप्प्यात आहे. ओला, मऊ खिमा आपल्याच वजनाने आणि पाण्याने घसरतो. कोरडा, खडबडीत दाणा तेलकट मसाल्यात माखला की शेवयांच्या चिकट अंगाला धरून बसतो. दाणा मोठा असला तरी घसरतो, म्हणून खिमा बारीक.

आच कमी करा. खिमा कढईच्या एका बाजूला सारा आणि मोकळ्या झालेल्या तेलात दीड चमचा दोउबानज्यांग घाला. पदार्थाची चव बहुतांशी या एका वस्तूत आहे. बाकला नावाचा मोठा, चपटा, पावट्यासारखा दाणा, थोडं गव्हाचं पीठ, लाल मिरची आणि मीठ यांचं हे आंबवलेलं वाटण. सगळ्यात नावाजलेलं पीश्यानचं. पीश्यान हा छंगदूलगतचा भाग, 2016 पासून त्याचं प्रशासकीय नाव पीदू झालं, पण बरणीवरचं नाव कुणी बदललं नाही. तिथे अंगणात मातीच्या मोठ्या रांजणांत ते मुरत ठेवतात. दिवसा ऊन, रात्री दव, पाऊस आला की झाकण, आणि रोज तळापासून ढवळणं. चांगलं वाटण वर्ष आणि त्याहून जास्त मुरतं, तोवर त्याचा लाल रंग तपकिरीकडे झुकलेला असतो. लोणच्याची बरणी सांभाळणाऱ्या घरांना ही राखण ओळखीची वाटेल. बरणीतले दाणे अख्खे असतील तर सुरीने बारीक करून घ्या, नाहीतर मुंग्यांत झुरळ निघायचं.

मंद आचेवर ते दीड-दोन मिनिटं परता. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात विरघळणारे आहेत, पाण्यात नाहीत. तेल शेंदरी झालं की काम झालं. आच मोठी ठेवली तर वाटण करपून कडू होतं, आणि तो कडवटपणा साखरेने झाकता येत नाही. आता बारीक चिरलेलं आलं आणि लसूण, प्रत्येकी चमचाभर, आणि पातीच्या कांद्याचा पांढरा भाग. वास सुटला की खिमा यात ओढून घ्या.

दोउबानज्यांगऐवजी शेजवान चटणी चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. शेजवान हे सिचुआनचंच नाव, पण आपली शेजवान चटणी भारतात जन्मली: सुकी लाल मिरची, भरपूर लसूण, आलं, व्हिनेगर. वडापावच्या गाडीवर तिला जागा मिळाली ती योग्यच आहे. पण तिच्यात आंबवण नाही, आणि इथे सगळी भिस्त आंबवण्यावर आहे. तिने वेगळा पदार्थ होईल, वाईट होईल असं नाही. जपानी मिसो घरात असेल तर चमचाभर मिसोत लाल मिरचीचा ठेचा मिसळून जास्त जवळ जाता येतं. बाकी मिरचीच्या बाबतीत आपण आणि सिचुआनवाले सारखेच नवखे. पोर्तुगीज जहाजांनी अमेरिकेतून आणलेलं हे फळ आपल्याला सोळाव्या शतकात मिळालं. चीनमध्ये त्याची नोंद त्याच शतकाच्या अखेरीस दिसते, आणि सिचुआनच्या ताटात ते रुळायला आणखी बराच काळ गेला.

आता 250 मिली पाणी किंवा हाडांचं अळणी सूप, दीड वाटीच्या आसपास. त्यात दोन छोटे चमचे सोया सॉस आणि अर्धा छोटा चमचा साखर. चीनमध्ये पातळ, खारट सोया चवीसाठी आणि घट्ट, काळा सोया रंगासाठी अशा दोन बाटल्या असतात. आपल्याकडची एकच बाटली बहुधा काळी आणि खारट असते, ती दोन्ही कामं करते, फक्त बेताने घालावी. मीठ घालू नका. वाटणात मीठ आहे, सोयात आहे, आणि पाणी आटल्यावर ते आणखी पुढे येणार आहे. उकळी आल्यावर रस्सा चाखला तर तो अंमळ खारट लागायला हवा, कारण अळणी शेवया तो पिऊन घेणार आहेत.

उकळत्या रश्श्यात निथळलेल्या शेवया घाला, आच मध्यम. पहिलं मिनिटभर हात लावू नका, त्यांना प्यायला वेळ द्या. मग उलथन्याने ढवळू नका, ढवळलं की तारा तुटतात आणि खिमा तळाशी बसतो. दोन चॉपस्टिक किंवा चिमटा घ्या, शेवया उंच उचला आणि परत सोडा, उचला आणि सोडा. उपमा किंवा पोहे वरखाली करतो तशी चाल, फक्त जास्त उंच. प्रत्येक उचलीत तळाचे दाणे शेवयांत अडकत वर येतात. तीन-चार मिनिटांत रस्सा दिसेनासा होतो, तारा फुगून पारदर्शक होतात, आणि पुन्हा तो आवाज येतो, तडतडण्याचा. कढईत आता पाणी उरलेलं नाही, तेलच बोलतं आहे. एक तार चावून पाहा. मध्ये टणक असेल तर कडेने दोन चमचे गरम पाणी सोडा आणि मिनिटभर थांबा. रस्सा उरला आणि तारा मऊ झाल्या असतील, तर भिजवताना पाणी जास्त गरम होतं. आच वाढवून रस्सा उडवा आणि पुढच्या वेळी लक्षात ठेवा.

शेवटी चिरलेली हिरवी पात घालून गॅस बंद. काही घरांत वरून सिचुआनी मिऱ्याची पूड भुरभुरतात. तिला मिरी म्हणतात खरं, पण मिरीशी तिचं नातं नाही. ती आपल्या तिरफळाची बहीण आहे, दोन्ही एकाच कुळातली. मालवण-गोव्याकडे बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ घालतात ती ओठांवरची मुंगी तीच. त्यामागे सॅनशूल नावाचं रसायन आहे, ते स्पर्श जाणवणाऱ्या नसांनाच चाळवतं. 2013 साली लंडनमधल्या संशोधकांनी लोकांच्या ओठांना ही पूड लावून तपासलं, तेव्हा जाणवणारी थरथर सेकंदाला 50 कंपनांच्या आसपास निघाली. घरात तिरफळं असतील तर आतलं काळं बी काढून टाका, साल कोरडी भाजून पूड करा आणि चिमटीभर वापरा. वास थोडा वेगळा येतो, जास्त लिंबाळ, पण बीफला छान लागतो. ज्याछांग चवीचे कडवे लोक नाक मुरडतील, मुरडू देत.

नावाची एक गोष्ट सांगतात. तेराव्या शतकातला नाटककार क्वान हानछिंग याच्या गाजलेल्या नाटकातली नायिका तोउ अ ही गरीब सून. आजारी सासूला काहीतरी चांगलंचुंगलं द्यावं म्हणून ती खाटकाकडून उधारीवर चिमूटभर मांस आणते, घरातल्या वाळक्या शेवयांत परतते, आणि नजर अधू झालेली सासू विचारते, अगं, यावर मुंग्या कसल्या? गोष्ट गोड आहे, पण नाटकात ती नाही. नाटकातल्या आजारी सासूला हवं असतं वजडीचं सूप, मेंढीच्या पोटाचं, आणि त्या वाटीत विष पडतं. पुढचं सगळं शोकपर्व त्यातून घडतं. लोकांनी नाटकातली सून आणि सासू तेवढी उचलली, वाटी बदलून टाकली.

सिचुआनमध्ये हा पदार्थ भाताबरोबर खातात. शेवया आणि भात एकत्र म्हटल्यावर भुवया उंचावतात, पण तिथे ही भाजी आहे, वरणभाताशेजारच्या बटाट्याच्या काचऱ्यांसारखी. साधा, बिनमिठाचा भात, त्यावर एक झुपका, शेजारी लसणीत परतलेली पालेभाजी. नुसत्या खाल्ल्या तर चौथ्या घासाला खारट वाटू लागतं, आणि मग लोक मसाला कमी करायला निघतात. त्याऐवजी भात लावावा.

कढईवरून थेट पानात वाढायचं. दहा मिनिटं गेली की तारा उरलासुरला ओलावा पिऊन एकमेकींत गुंततात. फ्रीजमध्ये रात्र काढल्यावर त्या घट्ट होतात आणि डब्यातून विटेसारखा ठोकळा निघतो. तो फेकू नये. अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवून गरम केला की तारा पुन्हा सुटतात, मुंग्या मात्र निम्म्या पडलेल्या असतात. आमच्याकडे तो ठोकळा सुरीने चिरून, अंडं फोडून, तव्यावर थापून भाजतात, आणि सकाळच्या पोळीत गुंडाळून डब्यात जातो.